शोधा पाहू, पक्षी कुठे आहे?

आपल्या मंडळाच्या गणपतीत किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवात भेटलेल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे की आमची गाडी शनिवारी पहाटे चारला घराबाहेर पडते. "एवढ्या पहाटे कुठे?" असं कुणी विचारलं की मी सांगते, "कोंबड्या बघायला." त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे फार्मवर का?" यंदा संपादकांनी अंकासाठी काहीतरी लिहा म्हटल्यावर ठरवलं, की एकदाचं नीट सांगून टाकावं. कोलोरॅडोच्या डोंगरात राहणाऱ्या या कोंबड्या कोणत्या, त्या ओळखायच्या कशा आणि त्यांना त्रास न देता फोटो कसे काढायचे. शिवाय गेल्या वर्षी सहा महिने माझे वडील, आमचे अण्णा, इथे होते. ते आल्यापासून या छंदाचा रंगच बदलला, म्हणून त्यांच्याबद्दलही.

आधी ओळख करून देते. इंग्रजीत ज्यांना ग्राउज म्हणतात ते पक्षी आपल्या मोर, रानकोंबडा, तितर, लावा यांच्याच मोठ्या कुळातले. फरक एवढाच, की हे थंड प्रदेशातले. त्यांच्या नाकपुड्यांवर पिसं असतात, पायांवर पिसं असतात, आणि थंडीत जिथे दुसरा पक्षी तग धरणार नाही तिथे हे निवांत बसून असतात. भारतात खरा ग्राउज कुठेच नाही. आपल्या माळरानावर जी पखुर्डी दिसते तिला इंग्रजीत सँडग्राउज म्हणतात खरं, पण ती या घराण्यातली नव्हे, ती नात्याने कबुतरांच्या जवळची. जमिनीच्या रंगात मिसळून दगडासारखं बसून राहण्याची कला मात्र दोघांकडेही सारखीच.

अण्णा मार्चच्या शेवटी आले. त्याआधीच्या डिसेंबरात आई गेली होती. सोलापूरच्या घरात ते एकटे राहतील ही कल्पना आम्हा भावंडांना सहन होत नव्हती, म्हणून मी तिकीटच काढून पाठवलं. ते आले, पण बोलेनात. सकाळी आंघोळ करून, पेपर नाही म्हणून नुसतेच खिडकीपाशी बसायचे. जेवण कसं झालंय विचारलं तर "चांगलंय". फिरायला जायचं का विचारलं तर "तू म्हणशील तसं". एके दिवशी म्हणाले, "तुमच्याकडे आवाजच नाही गं." मी खिडकी उघडली. बाहेर रॉबिन ओरडत होता, चिमण्या भांडत होत्या. तेव्हा लक्षात आलं, अण्णांचे कान बारीक आवाजांना बंद झाले होते. ज्या माणसाने मला लहानपणी डोळे मिटून पक्षी ओळखायला शिकवलं, त्याला आता चिमणीसुद्धा ऐकू येत नव्हती.

अण्णा टेलिफोन खात्यात होते. तारा आणि खांब तपासत सायकलवरून नान्नज, मार्डीच्या माळावर त्यांची अर्धी नोकरी गेली. १९७९ मध्ये तिथे माळढोकाचं अभयारण्य झालं, पण अण्णांचा आणि माळढोकाचा परिचय त्याच्या आधीचा. आमच्या घरात रविवार म्हणजे डबा, दुर्बीण आणि नान्नज. त्यामुळे मी जेव्हा म्हटलं, "अण्णा, इथे एक पक्षी आहे, तो माळढोकासारखा गळा फुगवून नाचतो," तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे वळून बसले. "कुठे?" एवढंच म्हणाले.

तो पक्षी म्हणजे सेज ग्राउज. डेन्व्हरपासून तीन तासांवर, डोंगरांच्या पलीकडे नॉर्थ पार्क नावाचं एक उंचावरचं विस्तीर्ण पठार आहे. वॉल्डन हे तिथलं छोटंसं गाव. सगळीकडे सेजब्रशची करड्या हिरव्या रंगाची झुडपं. मार्च ते मे या महिन्यांत, सूर्य उगवायच्या आधी, या पक्ष्यांचे नर ठरलेल्या मोकळ्या जागी जमतात आणि माद्यांसमोर नाचतात. अशा जागेला लेक म्हणतात. वर्षानुवर्षं तीच जागा, जणू गावची ठरलेली जत्रा. नर चांगला अडीच-तीन किलोंचा. छातीवर पांढऱ्याशुभ्र पिसांची झालर, त्यात दोन पिवळ्या पिशव्या, मागे टोकदार पिसांचा पंखा, पोट काळं. तो छाती उचलतो, पिशव्या हवेने फुगवतो आणि पाण्यात दगड पडावा तसा "डुबुक्" आवाज काढतो. एवढे नर जिवाच्या आकांताने नाचतात, पण माद्या बहुतेक वेळा त्यातल्या दोन-चारच नरांना पसंत करतात. बाकीचे नाचून घरी जातात. आपल्या वधूवर मेळाव्यांची आठवण झाली तर तो तुमचा प्रश्न.

लेक बघण्याचे नियम कडक आहेत आणि ते पाळायलाच हवेत. सूर्योदयाच्या तासभर आधी पोहोचायचं. हेडलाइट बंद. गाडीतून उतरायचं नाही, दार उघडायचं नाही, इंजिन चालू ठेवायचं नाही. आणि पक्षी आपणहून उडून जाईपर्यंत जागेवरून हलायचं नाही, मग दोन तास लागोत की तीन. कुणी गाडीतून उतरलं की सगळे उडतात, आणि वारंवार असं झालं तर माद्या यायच्या बंद होतात. मी गेले तो लेक सार्वजनिक रस्त्यावरून दिसतो, पण नेमकी जागा मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना जायचंय त्यांनी राज्याच्या वन्यजीव खात्याकडे चौकशी करावी.

फोटोसाठी एक घरगुती युक्ती सांगते. गाडीच्या उघड्या काचेवर लेन्स टेकवायला बीनबॅग नावाची महागडी उशी मिळते. मी दोन किलो तांदळाची पिशवी वापरते. जड असते, आकार घेते, लेन्स हलत नाही, आणि सीझन संपला की खिचडी. पहाटेच्या अंधारात आयएसओ वाढवावाच लागतो, थोडे दाणे दिसतात, ते चालतात. हललेला फोटो मात्र कशानेच सुधारत नाही.

त्या पहाटे बाहेर उणे आठ होतं. अण्णा पुढच्या सीटवर सोलापुरी चादर डोक्यावरून घेऊन बसले होते. हो, आम्हाला भेट म्हणून त्यांनी येताना चादरीच आणल्या होत्या. पूर्वेला जरा फटफटलं आणि समोर पांढरे ठिपके हलायला लागले. मी कॅमेऱ्यात डोळा घातला. पंधरा-वीस मिनिटांनी बाजूला पाहिलं, तर अण्णांची दुर्बीण मांडीवर होती आणि ते नुसत्या डोळ्यांनी बघत होते. हळूच म्हणाले, "असाच. गळ्याची पिशवी पार जमिनीपर्यंत सोडायचा आमचा. फक्त तो एकटा नाचायचा गं. आजूबाजूला दुसरा कुणी नाही." मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

नात्याने या दोन पक्ष्यांचा काही संबंध नाही. माळढोक वेगळ्या कुळातला. पण मोकळ्या माळावरच्या पक्ष्यांचं दुखणं सारखंच. माळ म्हणजे पडीक जमीन असं सगळ्यांनाच वाटतं. मग तिथे रस्ते येतात, कुंपणं येतात, विजेच्या तारा येतात. माळढोक वजनदार, समोरचं त्याला नीट दिसत नाही, उडताना तारांवर आदळतो. भारतभर मिळून आज दीडशेच्या आसपास उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात. खांब तपासत आयुष्य गेलेल्या माणसाला हे मी सांगायची गरज नव्हती. परतीच्या वाटेवर तेच म्हणाले, "आमच्या तारा बारक्या होत्या. तरी मी दोनदा तारेखाली पाहिलाय पडलेला. रिपोर्टमध्ये तो लिहायचा रकानाच नव्हता."

सेज ग्राउजच्या कथेत आणखी एक गंमत आहे. कोलोरॅडोच्या नैर्ऋत्येला गनिसन नावाचा भाग आहे. तिथले सेज ग्राउज आकाराने जवळजवळ एक तृतीयांश लहान, शेपटीवर पांढरे पट्टे जास्त ठळक, मानेमागचा पिसांचा झुबका जास्त दाट आणि नाचाची लयही वेगळी. तरी वर्षानुवर्षं सगळे त्यांना एकच जात समजत होते. २००० साली शास्त्रज्ञांनी ती स्वतंत्र जात म्हणून जाहीर केली, आणि २०१४ मध्ये ती संकटग्रस्तांच्या यादीत गेली. म्हणजे नाव मिळालं आणि चौदा वर्षांत धोक्याची पाटीही लागली. ओळखायला सोपी युक्ती म्हणजे नकाशा. नॉर्थ पार्कमध्ये दिसला तो मोठा, गनिसनच्या खोऱ्यात दिसला तो लहान. पक्षी ओळखताना आपण कुठे उभे आहोत हे आधी पाहावं, पिसं नंतर.

मे महिन्यात आम्ही दुसऱ्या कोंबडीच्या मागे लागलो. तिचं नाव डस्की ग्राउज. पूर्वी हिला आणि पॅसिफिक किनाऱ्याकडच्या सूटी ग्राउजला मिळून ब्लू ग्राउज म्हणायचे. २००६ मध्ये त्यांच्या दोन जाती केल्या. नराच्या मानेवर पांढऱ्या पिसांच्या वर्तुळात उघडी कातडी दिसते. ती जांभळट लाल असेल तर डस्की, पिवळी असेल तर सूटी. आवाजातही फरक आहे. सूटी झाडावर बसून मोठ्याने घुमतो, डस्की बहुतेक जमिनीवरून आणि इतक्या हळू, की जवळ असल्याशिवाय कळत नाही. आकार आपल्या गावठी कोंबडीएवढा, वजन किलोच्या वर, नराचा रंग पाटीसारखा, मादी तपकिरी ठिपक्यांची.

या पक्ष्याची एक चाल मला फार आवडते. बाकीचे डोंगरी पक्षी हिवाळ्यात खाली उतरतात, हा वर चढतो. वसंतात खालच्या मोकळ्या उतारांवर प्रणय आणि पिल्लं, आणि थंडी आली की उंचावरच्या सूचिपर्णी जंगलात मुक्काम. तिथे सहा महिने झाडावर बसून सुयांसारखी पानं खायची. दुसऱ्या कुणाला नको असलेलं अन्न भरपूर, त्यामुळे भांडण नाही.

अ‍ॅस्पेनच्या एका झाडीच्या कडेला आम्ही उभे होतो. पानं नुकतीच फुटत होती. मी आणि माझा नवरा इकडे-तिकडे पाहत होतो. अण्णा एकदम थांबले आणि हात वर केला. "कुणीतरी बाटलीत फुंकतंय." मला काहीच ऐकू येत नव्हतं. नवऱ्यालाही नाही. अण्णांनी मान थोडी तिरकी केली, लहानपणी पाहिली होती तशीच, आणि बोट दाखवलं. तिकडे वीसेक पावलं गेल्यावर मलाही जाणवला तो आवाज. कानाने कमी, छातीत जास्त. एका पडलेल्या ओंडक्यापाशी नर उभा होता, मानेवरची वर्तुळं उघडून.

वय झालं की आधी बारीक, उंच स्वर जातात. खर्जातले बरेच दिवस टिकतात. डस्कीचा आवाज पार खर्जातला. चिमणी गेली, बुलबुल गेला, पण हा आवाज अण्णांसाठी शिल्लक होता. परतताना गाडीत ते मागे बसून स्वतःशीच "हूं, हूं" असं घुमून पाहत होते. रात्री आपणहून सोलापूरला फोन लावला आणि शेजारच्या जोशीकाकूंना अर्धा तास सगळं वर्णन करून सांगितलं. आई गेल्यापासून एवढं सलग बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं.

आता शेवटची आणि माझी सगळ्यांत लाडकी. पांढऱ्या शेपटीची टार्मिगन. इंग्रजी स्पेलिंग 'पी'ने सुरू होतं, पण तो उच्चारायचा नाही. मूळ शब्द स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला, त्यात 'पी' नव्हताच. सतराव्या शतकात कुणा विद्वानाला तो ग्रीक वाटला आणि त्याने पुढे एक अक्षर चिकटवलं, ते आजतागायत आहे. आपल्या आडनावांची इथे जी दशा होते, तीच.

उत्तर अमेरिकेतली ही सर्वांत लहान ग्राउज. वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. डोंगरावर एका उंचीनंतर झाडं उगवणं थांबतं. आपल्याकडे ती रेषा सुमारे साडेअकरा हजार फुटांवर आहे. बहुतेक वर्ष ही कोंबडी त्या रेषेच्या वर किंवा आसपास काढते. हिवाळ्यात संपूर्ण पांढरी, फक्त डोळे आणि चोच काळी. उन्हाळ्यात करडी, तपकिरी, काळ्या ठिपक्यांची, अगदी शेवाळ चढलेल्या दगडासारखी. शेपटी मात्र बाराही महिने पांढरी. पायाच्या बोटांपर्यंत दाट पिसं असतात, बर्फात रुतू नये म्हणून. तिच्या शास्त्रीय नावातल्या लॅगोपस या शब्दाचा अर्थच 'सशाच्या पायांची'. अण्णांनी फोटो पाहिल्या पाहिल्या तिचं नाव 'मोजेवाली' ठेवलं. तेच आता आमच्या घरात चालतं.

कोलोरॅडोत टार्मिगनची ही एकच जात, त्यामुळे दुसऱ्या टार्मिगनशी घोटाळा व्हायचा प्रश्न नाही. पण उन्हाळ्याच्या शेवटी डस्कीच्या माद्याही पिल्लांना घेऊन झाडं संपतात तिथवर येतात. तेव्हा तीन गोष्टी पाहाव्यात. आकार, कारण डस्की तिप्पट वजनाची. पायाची बोटं, डस्कीची उघडी, हिची पिसांनी झाकलेली. आणि उडाली तर शेपटी, डस्कीची गडद, हिची पांढरी. उडवून मात्र पाहू नये. थांबावं, ती आपणहून पंख ताणते.

हिवाळ्यात बरेच पक्षीवेडे हिला शोधायला ग्वानेला पासला जातात. उंची ११,६६९ फूट. वरचा शेवटचा टप्पा तेव्हा गाड्यांना बंद असतो, बर्फबूट घालून चढावं लागतं. विलोच्या झुडपांच्या कळ्या हे तिचं हिवाळ्यातलं मुख्य अन्न, म्हणून विलो दिसली की प्रत्येक पांढऱ्या उंचवट्याकडे दुर्बिणीने पाहायचं. काळा ठिपका दिसला तर तो डोळा. फोटो काढणाऱ्यांसाठी तीन सूचना. बर्फ पाहून कॅमेरा गोंधळतो आणि सगळं राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा. जादा बॅटरी आतल्या खिशात अंगाशी ठेवा, थंडीत ती झपाट्याने उतरते. आणि घरी शिरण्याआधी कॅमेरा बॅगेत बंद करा, तासभर तसाच राहू द्या, नाहीतर ऊबदार हवेत त्याला दरदरून घाम फुटतो.

अण्णांना हिवाळी चढाई शक्य नव्हती. पण उन्हाळ्यात रॉकी माउंटन नॅशनल पार्कातल्या ट्रेल रिज रोडने गाडी थेट १२,१८३ फुटांपर्यंत जाते. प्रश्न होता तो हवेचा. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी. अण्णा एकोणऐंशीचे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. मनातून मला भीती होती. भाऊ फोनवर म्हणाला, "काही झालं तर काय उत्तर देशील?" डॉक्टरांनी तपासून सांगितलं, चार महिने डेन्व्हरला राहिलेत ही जमेची बाजू. आपलं डेन्व्हर म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर वसलेलं शहर आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. रात्री एस्टेस पार्कला मुक्काम करा, वर चालणं कमी, पाणी भरपूर, आणि बोटाला लावायच्या यंत्राने ऑक्सिजन पाहत राहा. ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला, डोकं दुखलं किंवा मळमळलं, की लगेच खाली उतरा.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही गेलो. वर एका पायवाटेच्या सुरुवातीला, गाडीपासून पन्नास पावलांवर, अण्णांसाठी घडीचं स्टूल मांडलं. त्यांच्या बोटावर यंत्र लावलं, आकडा ठीक होता. तिथली जमीन फार नाजूक. हिरवळ वाटते ती बोटभर उंचीची झाडं असतात, तुडवली तर पुन्हा उभी राहायला दशकं लागतात. म्हणून ठरावीक भागांत पायवाट सोडायला बंदीच आहे. मी वाटेवरूनच पुढे जाऊन पाऊण तास उतार धुंडाळला. दगड, दगड आणि दगड. परत आले तर अण्णा ओठांवर बोट ठेवून बसलेले. मग तेच बोट त्यांनी स्टुलापासून पंचवीस-तीस फुटांवरच्या एका दगडाकडे वळवलं. दगडाने पापणी मिटली.

मादी होती. "मी बसलो तेव्हापासून आहे ती इथे," अण्णा पुटपुटले. "मी हललो नाही, ती हलली नाही." पाच मिनिटांनी तिने अगदी हळू कुर्र केलं आणि आजूबाजूच्या गवतातून मुठीएवढी पिल्लं निघाली. एक, दोन, पाच. मी मोजत होते आणि फोटो काढत होते. एवढ्यात मागून चार-पाच जण आले. त्यांच्यातला एक उंच गृहस्थ फोन पुढे धरून वाटेवरून खाली उतरायला लागला. मी काही बोलायच्या आत अण्णा स्टुलावरून उठले आणि हात जोडून म्हणाले, "मदर, सर. स्मॉल बेबीज. प्लीज." तो माणूस थबकला. खाली पाहिलं, पिल्लं दिसली, आणि उचललेला पाय त्याने जिथून उचलला होता तिथेच परत ठेवला. मग तो आणि अण्णा शेजारी शेजारी उभे राहून दहा मिनिटं गुपचूप पाहत होते. जाताना त्याने अण्णांना हात मिळवला.

या पार्कात बहुतेक प्राण्यांपासून निदान ७५ फूट आणि मूस किंवा अस्वलापासून १२० फूट दूर राहायचा नियम आहे. आपण बसलेले असताना पक्षी आपणहून जवळ निघाला तर जागचं हलू नये, पाठलाग तर नकोच. फोनवर आवाज वाजवून पक्षी बोलावायलाही तिथे मनाई आहे. पक्षी मान ताठ करून आपल्याकडे एकटक पाहू लागला किंवा चरायचा थांबला, की तो आपल्यामुळे अस्वस्थ आहे असं समजावं. पिल्लांना त्या थंड वाऱ्यात आईच्या पंखाखाली ऊब घ्यावी लागते. आपण तिला जितका वेळ उभं ठेवू तितका वेळ ती पिल्लं गारठतात. कुठलाही फोटो एवढा मोलाचा नसतो.

तसं संकट आणखी मोठं आहे. हवा तापत चालली की झाडांची रेषा वर सरकते. खालचे पक्षी आणखी वर जाऊ शकतात, पण शिखरावर राहणाऱ्याला वर जायला जागा नाही. वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरच्या परिसरात राहणारी या पक्ष्याची उपजात २०२४ मध्ये संकटग्रस्त म्हणून जाहीर झाली. आपल्या कोलोरॅडोतली अजून त्या यादीत नाही.

त्या संध्याकाळी एस्टेस पार्कला थर्मासमधला चहा घेताना मी विषय काढला. मी ग्रीन कार्डाचे कागद तयार करून ठेवले होते. म्हटलं, "अण्णा, इथेच राहा. पुढच्या एप्रिलला परत लेकवर जाऊ." ते बराच वेळ कपातला चहा हलवत बसले. मग म्हणाले, "पाहुणा म्हणून मी बरा आहे गं. राहायला लागलो, तर दर शनिवारी तुला माझ्यासाठी नवा पक्षी शोधावा लागेल. आणि सोमवार ते शुक्रवार मी परत खिडकीत." मी म्हटलं, "तिथे तरी कोण आहे तुम्हाला?" म्हणाले, "माळ आहे. आणि तुझ्या आईची खोली. दोन्हीकडे कुणीतरी लक्ष द्यायला हवं."

मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही पूर्ण पटलेलं नाही. रात्री दोनला फोन वाजला की छातीत धस्स होतं, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांना तिथे ठेवणं म्हणजे एकटं टाकणं, हे माझं गणित त्या दिवसापासून तेवढं सोपं राहिलं नाही. सप्टेंबरात मी त्यांना विमानतळावर सोडलं. त्यांच्या सामानात त्या मादीचा एक मोठा प्रिंट होता.

त्या फोटोबद्दल सांगते. त्यात पक्षी लहान आहे. चौकटीभर दगड, शेवाळ, दोन पिवळी फुलं, आणि त्यात कुठेतरी ती आणि तिची पाच पिल्लं. पूर्वी मी पक्षी चौकटीभर दिसावा म्हणून धडपडायचे, आता असे फोटो मला जास्त आवडतात. डोळा दिसेल असा मोठा फोटो सुंदर दिसतो, पण तो पक्षी राहतो कसा हे त्यातून कळत नाही. दगडांत हरवलेली कोंबडी पाहिली, की ती इतकी वर्षं जगली कशी ते कळतं. सोलापूरला आमच्या बैठकीच्या खोलीत तो लावलाय. आलेल्या प्रत्येकाला अण्णा त्याच्यासमोर उभं करतात आणि विचारतात, "शोधा पाहू, पक्षी कुठे आहे?" सापडल्याशिवाय चहा मिळत नाही. जोशीकाकूंना म्हणे तीन दिवस लागले.

त्यांचा नातू आठवीत आहे, त्याला सहाही पक्षी दोन मिनिटांत सापडले. तेव्हापासून तो अण्णांचा शागीर्द झालाय. दर दुसऱ्या रविवारी हा मुलगा, अण्णा, जुनी दुर्बीण आणि एक रिक्षा अशी स्वारी नान्नजला निघते. अण्णा बसतात, मुलगा ऐकतो आणि सांगतो, अण्णा नावं सांगतात आणि तो वहीत लिहितो. अण्णांनी त्या वहीत एक जादा रकाना आखून घेतलाय, तारेखाली पडलेल्या पक्ष्यांसाठी.

रविवारी संध्याकाळी माझी सकाळ असते, तेव्हा फोन येतो आणि मी हिशोब ऐकते. गेल्या वेळी पखुर्ड्या चौदा, चंडोल बरेच, एक भोवत्या, काळवीट अकरा, जादा रकाना रिकामा.

"आणि माळढोक?" मी दर वेळी विचारते.

"नाही दिसला," अण्णा म्हणतात. "परत जाऊ की."